चुन्याच्या पाण्याला चुन्याचा दगड नको

राजुऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी घर बांधायला काढलं, तेव्हा त्यांची एक हौस होती : बाथरूममध्ये बेसिनच्या ओट्याला पांढराशुभ्र संगमरवर. मी चंद्रपुरात घरबांधणीची कामं घेते, आणि लोकांच्या हौशीला सहसा आडवी येत नाही. पण त्यांच्या बोअरचं पाणी मी पाहिलं होतं. जुन्या मोरीतल्या नळाच्या बुडाशी पांढरी पापडी धरली होती. म्हणून संगमरवराला मी सरळ नाही म्हटलं.

राजुरा, कोरपना, जिवती हा सगळा चुनखडीचा पट्टा. गडचांदुरातले सिमेंटचे कारखाने याच दगडावर उभे आहेत. या थरांतून झिरपलेलं पाणी चुना विरघळवून घेऊन येतं आणि ते वाळलं की ओट्यावर पांढरा थर सोडतं. तो थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. काळा कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळेही चुनखडीचेच दगड. त्यामुळे जे ॲसिड पांढरा थर खातं, ते खालचा दगडही खातं. बाटलीतला क्लीनर ओतून घासलं की थर निघतो, पण सोबत पॉलिशही जातं. मग त्या खरखरीत जागेत हळद, खोबरेल, केसांचा काळा रंग मुरत जातो. पुष्कळ बायका सांगतात, ‘डाग जातच नाही.’ जाणार कसा? बऱ्याचदा तो डाग नसतोच, झिजलेला दगड असतो, आणि जितकं घासावं तितका तो वाढतो.

गुरुजींना हे पटेना. तेव्हा माझ्या मिस्त्रीने संगमरवराच्या तुकड्यावर क्लीनरचे थेंब टाकले. बुडबुडे आले. ‘पाहा गुरुजी, दगड उकळून राहिला,’ तो म्हणाला. शेजारच्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर काहीच झालं नाही. ग्रॅनाइट मुख्यतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या खनिजांचा असतो. घरातल्या लिंबाचं, व्हिनेगरचं त्याला काही वाटत नाही. कठीणपणाच्या मोहस् मापावर संगमरवर 3 च्या आसपास, तर ग्रॅनाइट 6 ते 7.

मग कोणता ग्रॅनाइट? लोक डोळे मिटून काळा मागतात. काळा दगड बहुधा घट्ट असतो, डाग शोषत नाही, हे खरं. पण आपल्या पाण्याचा पांढरा थर सगळ्यात उठून दिसतो तो काळ्यावरच. फिकट करडा घ्यावा, तर गडचिरोलीकडे दुसरी अडचण. तिथल्या काही बोअरच्या पाण्यात लोह असतं. उपसताना पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की तांबूस होतं. फिकट दगडाच्या बारीक छिद्रांत ही तांबूस झाक शिरते, आणि ब्लीच टाकलं तर लोह आणखी पक्कं बसतं. म्हणून दोन्ही जिल्ह्यांसाठी माझी पसंती तपकिरी ठिपक्यांच्या ग्रॅनाइटला. करीमनगरचा ‘टॅन ब्राउन’ आपल्याला लांबचा नाही. सिरोंच्याला गोदावरी ओलांडली की तेलंगणच लागतं.

घरचं सागवान आहे म्हणून त्याचीच फळी ओट्याला घालू पाहणारेही भेटतात, विशेषतः आलापल्लीकडे. साग पाण्याला टिकतो, पण लोहाच्या पाण्याने काळवंडतो. त्याची खालच्या कपाटाला दारं करावीत.

कारखान्यात बनणाऱ्या क्वार्ट्झच्या पाट्या हल्ली शोरूममध्ये पुढे मांडलेल्या असतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा, बाकी रेझिन. डाग शोषत नाहीत, हे मान्य. तरी मी त्या सुचवत नाही. त्या कोरड्या कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी इतकंच. तेव्हा तुमच्या अंगणात कटर चालत असेल, तर पात्यावर पाण्याची धार सोडायला लावा आणि कापणाऱ्या पोरांच्या तोंडाला नीट बसणारा मास्क आहे का ते बघा. उशीर झाला तरी चालेल.

दुकानात नमुन्याचा तुकडा मागून घ्या. त्यावर पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा. खाली दगड गडद झाला तर तो पाणी पितो, त्याला सीलर लागेल. काळा घेणार असाल, तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. ओटा बसवताना बेसिनकडे किंचित उतार आणि पुढच्या कडेखाली बारीक खाच मिस्त्रीकडून आधीच ठरवून घ्या. खाच नसली की पाणी कडेवरून वळून खालच्या सागवानी दारांवर ओघळतं.