'आर'मधला तक्ता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'आर' ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवली. तिच्या 'डेटा फ्रेम' या तक्त्यात गावाचं नाव, तारीख, पाऊस हे सगळं शेजारीशेजारी मांडता येतं. पण ते आत कसं साठवलं जातं, हे माहीत नसेल तर उत्तर चुकतं आणि चूक लक्षातही येत नाही.

गैरसमज: मॅट्रिक्स आणि डेटा फ्रेम एकच.

वस्तुस्थिती: मॅट्रिक्स या तक्त्यात एकाच प्रकारची माहिती मावते. गावांची नावं आणि पावसाचे आकडे 'सीबाइंड' या फंक्शनने जोडले, की आकडेही मजकूर बनतात. मग ९५० हे १२०० पेक्षा मोठं ठरतं, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. पुढे त्याची डेटा फ्रेम केली तरी आकडे आपोआप परत येत नाहीत. मिश्र माहिती सुरुवातीपासून डेटा फ्रेममध्येच भरावी.

गैरसमज: डेटा फ्रेममध्ये कुठल्याही चौकटीत काहीही चालतं.

वस्तुस्थिती: डेटा फ्रेम म्हणजे सारख्या लांबीच्या रकान्यांची यादी. प्रकार ठरतो तो रकान्याचा. पावसाच्या रकान्यात एका जागी 'नोंद नाही' असं लिहिलं, तर अख्खा रकाना मजकूर होतो आणि सरासरी निघत नाही. रिकाम्या नोंदीसाठी 'एनए' आहे. तो वापरला की बाकीचे आकडे आकडेच राहतात.

गैरसमज: मजकूर आपोआप फॅक्टर होतो.

वस्तुस्थिती: पूर्वी व्हायचा. फॅक्टर म्हणजे प्रत्येक वेगळ्या मूल्याला आतून एक क्रमांक देऊन साठवलेला रकाना. २०२० मधल्या ४.०.० आवृत्तीपासून मजकूर मजकूरच राहतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये मात्र फॅक्टर भेटतात.

गैरसमज: फॅक्टरमधले आकडे थेट संख्येत बदलता येतात.

वस्तुस्थिती: १२००, ८००, ९५० या मजकुरापासून बनलेला फॅक्टर थेट बदलला, तर हाती १, २, ३ येतात. हे पाऊसमान नव्हे, आतले क्रमांक आहेत. सरासरी २ येते आणि साधी सूचनाही मिळत नाही. आधी मजकूर करावा, मग संख्या.

गैरसमज: 'अप्लाय' हे फंक्शन प्रत्येक ओळ जशीच्या तशी हाताळतं.

वस्तुस्थिती: ते आधी तक्त्याची मॅट्रिक्स करतं. एक जरी रकाना मजकुराचा असला, तरी सगळी ओळ मजकूर होते.

म्हणून तक्ता वाचून घेतल्यावर पहिलं काम एकच: 'एसटीआर' चालवून प्रत्येक रकान्याचा प्रकार पाहणं. आकडेमोड त्यानंतर.