विश्लेषण : गच्चीवरचा एसी ‘डायरेक्ट’ केला म्हणजे नेमके काय केले?

उन्हाळ्यात भर दुपारी बँकेचा, शोरूमचा किंवा हॉस्पिटलचा एसी बंद पडतो. मेकॅनिक गच्चीवर जातो, अर्ध्या तासात खाली येतो आणि सांगतो, ‘चालू झालाय, सध्या डायरेक्ट केलाय.’ गार हवा येऊ लागते, तक्रार मिटते. ‘डायरेक्ट’ म्हणजे काय केले, हे सहसा कुणी विचारत नाही. एसी बंद पाडणाऱ्या सुरक्षा स्विचला वळसा घालून दोन वायर थेट एकमेकींना जोडल्या, असा त्याचा अर्थ असतो. वितभर वायरचा तो तुकडा लाखो रुपयांचे यंत्र कसे जाळू शकतो आणि गच्चीवरच्या एसीचे वायरिंग एवढे महत्त्वाचे का असते?

गच्चीवर असते काय?

अमेरिकेत मॉल आणि दुकानांच्या सपाट छतांवर एकेक मोठी पेटी दिसते. कंप्रेसर, पंखे, ब्लोअर असे सगळे तिच्यात बसवलेले असते. तिलाच ‘रूफटॉप युनिट’ म्हणतात. आपल्याकडे गच्चीवर बहुतेक वेळा बाहेरचे अर्धे यंत्रच असते. एक प्रकार डक्टेबल एसीचा, ज्यात आतले यंत्र छताच्या वर लपवून पत्र्याच्या डक्टमधून हवा फिरवतात. दुसरा व्हीआरएफ, ज्यात गच्चीवरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिट चालतात.

प्रकार कोणताही असो, यंत्रापर्यंत दोन तऱ्हांच्या वायर जातात. एक जाड : थ्री फेज, ४१५ व्होल्टचा वीजपुरवठा. १० टनांच्या यंत्राला साधारण १० ते १२ किलोवॉट वीज लागते, म्हणजे प्रत्येक फेजमधून १८-२० अँपिअर प्रवाह. थेट सुरू होणारा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या सहापट प्रवाह ओढतो. दुसरी वायर बारीक, कंट्रोलची. अमेरिकी यंत्रांत ती २४ व्होल्टची असते. आपल्याकडे बनावटीनुसार २४ किंवा २३० व्होल्ट. व्हीआरएफमध्ये तर दोन तारांवरून आतली आणि बाहेरची युनिट एकमेकांना संदेश पाठवत असतात.

पैसे जाड केबलवर खर्च होतात, लक्षही तिच्याकडेच असते. पण यंत्र चालायचे की थांबायचे, हे बारीक वायर ठरवते.

बारीक वायर निर्णय कसा घेते?

कंप्रेसरला वीज थेट मिळत नाही, ती कॉन्टॅक्टरमधून जाते. कॉन्टॅक्टर म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा मोठा स्विच. बारीक वायरमधून त्याच्या कॉइलला वीज मिळाली, की तो ‘टक्’ आवाज करत जाड वायरची वाट मोकळी करतो. कॉइलची वीज गेली, की वाट बंद.

ही वीज कॉइलपर्यंत पोहोचण्याआधी तिला एका रांगेतून जावे लागते. थर्मोस्टॅट, गॅसचा दाब फार वाढल्यावर तुटणारा एचपी कटआउट, दाब फार घसरल्यावर तुटणारा एलपी कटआउट, ओव्हरलोड रिले आणि फेजवर नजर ठेवणारा रिले. दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी ही रचना आहे : एक दिवा गेला की सगळी माळ बंद. इथे तो दोष नाही, हेतूच तो आहे. रांगेतल्या एकाने जरी ‘नको’ म्हटले तरी कंप्रेसर थांबला पाहिजे.

‘डायरेक्ट’ करणे म्हणजे या ‘नको’ म्हणणाऱ्याला गप्प करणे. उन्हाळ्यात सर्वाधिक बळी एचपी कटआउटचा जातो. बाहेरच्या युनिटच्या जाळीत धूळ, पालापाचोळा, कबुतरांची पिसे अडकतात, उष्णता बाहेर पडत नाही आणि गॅसचा दाब चढतो. कटआउट तुटतो, म्हणजे त्याचे काम चोख करतो. उपाय आहे जाळी पाण्याने नीट धुण्याचा. पण त्याला वेळ लागतो, वायरचा तुकडा लावायला दोन मिनिटे पुरतात.

एलपी कटआउटची गोष्ट आणखी फसवी. हा तुटला तर गॅस गळत असण्याची शक्यता असते. या यंत्रांतले बहुतेक कंप्रेसर परत येणाऱ्या थंड गॅसवरच स्वतःला गार ठेवतात. गॅस कमी आणि कटआउट ‘डायरेक्ट’, अशा अवस्थेत कंप्रेसर आतून तापत राहतो आणि काही दिवसांनी त्याची वाइंडिंग जळते. बिलावर लिहिले जाते, ‘कंप्रेसर खराब.’ खराब झालेला तो असतोच, पण त्याची सुरुवात गळतीपासून आणि त्या तुकड्यापासून झालेली असते.

दोष शोधताना मेकॅनिक काही क्षण अशी तात्पुरती जोडणी करतात, त्यात गैर नाही. मीटर हातात आणि यंत्र डोळ्यांसमोर असेल, तर कोणता स्विच तुटला हे ठरवण्याची ती एक रीत आहे. गैर आहे ते तुकडा तसाच ठेवून खाली येणे. यात एकट्या मेकॅनिकला धरून चालणार नाही. ‘काहीही करा, पण आत्ता चालू करा’ असे फोनवर सांगणारे खालीच बसलेले असतात.

फेज उलटा झाला तर?

स्क्रोल प्रकारचा कंप्रेसर एकाच दिशेने फिरला तर गॅस दाबतो. थ्री फेजमध्ये आर, वाय, बी यांपैकी कोणत्याही दोन वायरची अदलाबदल झाली, की मोटार उलटी फिरते. मग खडखड आवाज येतो, गारवा शून्य आणि कंप्रेसर तापतो. अशी अदलाबदल एसीला हात न लावताही होऊ शकते. इमारतीच्या पॅनलचे काम झाले, केबल दुरुस्त करून पुन्हा जोडली किंवा जनरेटरच्या फेजचा क्रम महावितरणच्या क्रमाशी जुळवलेला नाही. या शेवटच्या प्रकारात एसी एरवी उत्तम चालतो आणि वीज गेली की बंद पडतो. गच्चीवर मेकॅनिक पोहोचेपर्यंत वीज परत आलेली असते आणि दोष सापडत नाही!

एक फेज पूर्ण गेला तर प्रकरण अधिक गंभीर. चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर रेटत राहते आणि त्यांतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. फेज रिले काही सेकंदांत यंत्र थांबवतो, अर्थात तो रांगेत शाबूत असेल तर.

एमसीबी असताना वायर जळतेच कशी?

‘शॉर्टसर्किटमुळे आग’ हे शब्द बातम्यांत नेहमीचे आहेत. पण खरे शॉर्टसर्किट झाले तर प्रवाह प्रचंड वाढतो आणि धड असलेला एमसीबी क्षणात पडतो. त्याहून छुपा शत्रू म्हणजे ढिला जोड.

हिशेब साधा आहे. टर्मिनलचा स्क्रू सैल झाला आणि तिथे ०.१ ओहमचा रोध तयार झाला. त्यातून २० अँपिअर वाहत असतील तर त्या एका बिंदूवर ४० वॉट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातली सोल्डरिंगची इस्त्री साधारण एवढ्याच ताकदीची असते. म्हणजे प्लास्टिकच्या बंद पेटीत एक तापलेली इस्त्री तासन् तास ठेवून दिल्यासारखे. एवढे होऊनही प्रवाह २० अँपिअरच आहे. एमसीबी प्रवाह मोजतो, टर्मिनलचे तापमान नाही. त्याच्या दृष्टीने सगळे ठीक चालले आहे. इन्सुलेशन वितळून वायर एकमेकींना भिडतात तेव्हा शॉर्टसर्किट होते. तोवर उशीर झालेला असतो.

एसीच्या जोडांना तर कंप्रेसरची कंपने रोज हलवत असतात. त्यात पॅनलपासून आलेली केबल अनेकदा ॲल्युमिनियमची असते आणि यंत्रातले टर्मिनल तांब्या-पितळेचे. हे दोन धातू थेट जोडले तर ओलाव्यात सांधा गंजतो. त्यासाठी दोन धातूंचे खास लग मिळतात आणि ते यंत्राने दाबून बसवावे लागतात. पक्कडीने चेपलेला लग पहिल्या दिवशी तसाच दिसतो.

२३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरारमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि डझनाहून अधिक कोविड रुग्णांचा जीव गेला. आग एसी यंत्रातून सुरू झाल्याचे तेव्हा प्राथमिक माहितीत सांगण्यात आले होते. ते यंत्र गच्चीवरचे नव्हते. पण दिवसरात्र न थांबता चालणाऱ्या एसीचे जोड किती वेळा तपासले जातात, हा प्रश्न तिथेही लागू होतो आणि इथेही.

ऊन आणि पाऊस वायरचे काय करतात?

केबलची क्षमता ठरवणारे भारतीय तक्ते भोवतालची हवा ४० अंश धरून केलेले असतात आणि पीव्हीसी केबलच्या तारेला ७० अंशांपर्यंत तापण्याची मुभा असते. विदर्भात मेमध्ये सावलीतच ४५ अंश असतात, गच्चीवरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये त्याहून जास्त. भोवताल ५० अंशांवर गेला तर त्याच केबलची क्षमता सुमारे १८ टक्के घटते. पुण्यात पुरलेली केबल चंद्रपुरात कमी पडू शकते ती अशी.

उघड्यावरचे पीव्हीसी उन्हाने कडक होऊन तडकते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा टर्मिनल खाते. पावसाळ्यासाठीची युक्ती मात्र फुकटची आहे : केबल यंत्रात वरून न घालता खालून घालायची आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा. पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकून जाते, पेटीत शिरत नाही. काळी टेप गुंडाळलेला जोड हा पावसातला जोड नव्हेच. उन्हाने टेपचा चिकटपणा संपतो आणि पहिल्या सरीला पाणी आत.

व्हीआरएफच्या संदेशवाहक तारांना आणखी एक पथ्य आहे. त्या जाड केबलसोबत एकाच पाइपात ओढल्या, की वीजवाहिनीची खरखर संदेशांत मिसळते आणि ‘कम्युनिकेशन एरर’ येते-जाते. महागडे कार्ड बदलूनही हा दोष जात नाही, कारण तो कार्डात नसतो.

दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाचे काय?

गच्चीवर यंत्राशेजारीच आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच हवा. अमेरिकी संहितेत तो यंत्राजवळून दिसेल असा आणि १५ मीटरच्या आत असावा, असे स्पष्ट सांगितले आहे. कारण उघड आहे. स्विच तळमजल्यावर असेल आणि वर माणूस काम करत असताना खाली कुणी ‘एसी का बंद आहे’ म्हणून तो चढवला, तर वरच्याला सांगणारे कुणी नसते. आयसोलेटर पाडून त्याला कुलूप लावणे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे, ही सर्वात स्वस्त सुरक्षा.

इन्व्हर्टर यंत्रात स्विच पाडूनही भागत नाही. आतल्या कपॅसिटरवर ५८० व्होल्टच्या आसपास डीसी दाब साठलेला असतो आणि तो ओसरायला काही मिनिटे लागतात. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबून, मीटरने खात्री करूनच हात घालायचा असतो.

थ्री फेज यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. गच्चीवर याची झटकन पाहणी कुणालाही करता येते : हिरव्या वायर किंवा पट्ट्या दोन आहेत का आणि त्या खरोखर कशाला जोडल्या आहेत का.

आग लागल्यावर एसी थांबतो का?

सर्वात दुर्लक्षित कंट्रोल वायर हीच. आगीत माणसे धुराने दगावतात आणि एसीचा ब्लोअर चालू राहिला तर तो धूर डक्टमधून खोल्याखोल्यांत पोहोचवतो. म्हणून फायर अलार्म वाजताच हवा फिरवणारी यंत्रे आपोआप थांबावीत, अशी अपेक्षा राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. प्रत्यक्षात हे काम फायर पॅनलमधून निघून एसीच्या कंट्रोलच्या रांगेत बसणाऱ्या दोन तारा करतात. अडचण अशी, की फायर अलार्मचा कंत्राटदार वेगळा आणि एसीचा वेगळा. दोघांच्या हद्दीवरची ही जोडणी कुणाच्याच कामात धरली जात नाही. केलेली असली तरी एसी वारंवार बंद पडतो म्हणून पुढे कुणीतरी तीही ‘डायरेक्ट’ करतो.

महाराष्ट्रात अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत अलार्म वाजवलाच जातो, तेव्हा एसी चालू ठेवून ब्लोअर खरेच थांबतो का, हे पाहायला एक माणूस पुरेसा आहे.

वीज जोडणीचे काम राज्याचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचे असते. एसीच्या वार्षिक देखभाल करारात मात्र बहुधा जाळी धुणे आणि गॅस तपासणे एवढेच असते. तिन्ही फेजचा प्रवाह मोजून लिहिणे, प्रत्येक टर्मिनल वीज बंद करून कसणे आणि पॅनलमध्ये एकही तात्पुरती जोडणी उरलेली नाही हे सहीनिशी नोंदवणे, या तीन गोष्टी सेवा-अहवालात हव्या असतील तर करार करतानाच तशी मागणी करावी लागते.