गोटा टायर आणि समृद्धीचं ऊन

बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने जुनीच, पण दमदार इंजिनाची छोटी गाडी घेतली आणि एप्रिलमध्ये मला फोन केला, "मावशी, गाडीला स्पोर्ट्सचे टायर टाकतोय. कोईमतूरच्या ट्रॅकवर जाऊन येतो आणि मग मे महिन्यात आईला घेऊन नेरला."

ट्रॅक डे म्हणजे काय, हे मला त्याच्याकडूनच कळलं. पैसे भरायचे, आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची आणि मनसोक्त पळवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. घरच्यांना ही उधळपट्टी वाटली. मला मात्र पोरगा भर रस्त्यात जोर दाखवण्यापेक्षा ट्रॅकवर दाखवतोय, हे बरंच वाटलं. शिवाय हे खूळ काही पोरांपुरतंच नाही. २०२४ साली पुण्याच्याच डायना पुंडोले यांनी राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. असं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला, आणि घरी लेकरंबाळं असलेल्या आई.

माझी काळजी वेगळी होती. माझी बहीण त्याच टायरांवर बसून विदर्भाच्या उन्हातून येणार होती. मी कला शाखेची पदवीधर, मशीनशी माझा संबंध शिलाईचा आणि मिक्सरचा. तरी अमरावतीच्या एका टायरवाल्या दादांकडे तासभर बसले आणि सगळं विचारून घेतलं.

मैत्रिणींनो, शर्यतीच्या गाडीचा खरा टायर अगदी गुळगुळीत असतो. आपण ज्याला 'गोटा झाला' म्हणून नावं ठेवतो, तसाच. आपला गोटा कंजुषीने होतो, त्यांचा कारखान्यातूनच तसा येतो. नक्षी नसली की कोरड्या रस्त्यावर जास्त रबर टेकतं आणि पकड वाढते. पण पावसाचं पाणी बाहेर काढायला खाचाच नसल्यामुळे गाडी पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, ती ऐकत नाही. म्हणून असे टायर रस्त्यावर चालवताच येत नाहीत. आपल्या कायद्यातही कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेली चालत नाही.

मधला प्रकार म्हणजे थोड्याच खाचा असलेला, मऊ रबराचा टायर. भाच्याचं मन त्यावर बसलं होतं. मुलांच्या दप्तरातलं खोडरबर आठवा. मऊ असेल तर छान खोडतं, पण महिन्याभरात संपतं. हेही तसंच. काही टायरांच्या कडेला 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो. साध्या टायरवर तो ३००, ४०० किंवा त्याहून जास्त दिसतो, ट्रॅककडे झुकणाऱ्या टायरवर २०० किंवा त्याखाली. आकडा जितका लहान, तितकं झिजणं लवकर. मात्र तो ज्याची त्याची कंपनीच ठरवते, तेव्हा एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही.

मी भाच्याला एवढंच विचारलं, ट्रॅकसाठीचे चार टायर वेगळे नेऊन तिथे बदलणार आहेस का? छोट्या गाडीत ते मावणार कुठे! म्हणजे पुणे ते कोईमतूर हजार किलोमीटरहून जास्त जाणं, तितकंच परत येणं, वर ऑफिस आणि नेर, सगळं त्याच टायरांवर. आणि ट्रॅकवरचे तास किती? फार तर दोन-तीन. वाटेत पाऊस लागला तर? तो गप्प झाला. शेवटी त्याने रस्त्याचाच, पण चांगल्या पकडीचा, रुंद खाचांचा टायर घेतला. ट्रॅकवर काही सेकंद मागे पडेन म्हणाला. पड म्हटलं.

आकाराचाही त्याला मोह होता. रुंद टायर दिसायला रुबाबदार असतो. पण कडेला लिहिलेलं वाचायला शिकलं की मोह आवरता येतो. समजा १९५/५५ आर १६ ८७ व्ही असं लिहिलंय. १९५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ इंची रिम. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो वजन पेलतो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. कंपनीने दिलेल्या भार आणि वेगाच्या खाली उतरायचं नाही. चार आकड्यांचा एक शिक्काही असतो. ३५२३ म्हणजे २०२३ सालातला ३५ वा आठवडा. सेलमध्ये स्वस्त मिळालेला टायर वर्षानुवर्षं गोदामात पडलेला असू शकतो. नक्षी शाबूत दिसते, पण रबर जुन्या कुकरच्या रिंगसारखं ताठ झालेलं असतं.

एवढं सगळं ऐकून मला सर्वांत जास्त धसका बसला तो हवेचा. ट्रॅकवर गाडी पळाली की टायर तापतात, आतली हवा फुगते. म्हणून ही मंडळी मध्येच थांबून थोडी हवा काढतात. तिथे ते बरोबर आहे. पण टायर निवल्यावर हवा आणखी उतरते, आणि ती पुन्हा न भरता माणूस घरच्या रस्त्याला लागला की घात. कमी हवेत टायरची कड सारखी दबते-उठते, त्यातून उष्णता तयार होते आणि तीच टायर फाडते.

आणि आपल्याकडे काय समज आहे? आमच्या स्टँडजवळचा पंक्चरवाला मला म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात हवा कमीच बरी राह्यते, नाही त फुट्टे." अख्ख्या तालुक्याला हेच वाटतं. खरं उलटं आहे. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा असतो तेवढी हवा, आणि तीही सकाळी टायर थंड असताना भरायची. तापलेल्या टायरमधली हवा काढायची नाही. नायट्रोजनबद्दलही विचारलं. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा मिळाला तर भरा, पण त्यावर विसंबून गेज बघायचं सोडू नका.

नेरहून कारंजा गाठलं की समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. सपाट भागात कारला ताशी १२० ची परवानगी आहे. सरळसोट सिमेंटचा रस्ता, वर मे महिन्याचं ४४-४५ अंशांचं ऊन. गावातल्या गावात चाळिसाने फिरणारा अर्धमेला टायर तिथे तासन् तास १२० ने धावतो. २०२३ मध्ये आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवल्या, ते उगाच नाही. त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस जळाली, २५ जण गेले. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं होतं, आरटीओच्या अहवालात मात्र तसा पुरावा निघाला नाही. म्हणजे सगळंच टायरवर ढकलूनही चालत नाही. झोप आणि वेगही असतात.

बहीण मे महिन्यात सुखरूप आली. आमच्या बचत गटाने नंतर हवा मोजायचं एक गेज घेतलं. गटातल्या बऱ्याच जणींकडे स्कूटी आहे, कुणाच्या घरी कार. पहिल्याच रविवारी मोजलं तर जवळजवळ सगळ्यांचीच हवा कमी भरली, आणि दोघींच्या मागच्या चाकाचा पार गोटा झालेला. त्यांनी त्याच आठवड्यात टायर बदलले. आता गेज कुणाकडे आहे याची मी वही ठेवलीय, कारण गेलेलं गेज विचारल्याशिवाय परत येत नाही.