एका मीटिंगवरून ठरवू नका

"तिथं देवाचं नाव घेतात, आपल्याला नाही जमायचं." दारू सोडायला निघालेला भाऊ एकाच मीटिंगवरून परत येतो आणि घरातली बाई पुन्हा रात्र जागून काढते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत देव आहे खरा, पण 'आपल्याला उमगेल तसा'. कित्येकजण जमलेल्या माणसांनाच ते बळ मानतात. फी नाही. आडनाव सांगावं लागत नाही, आणि आपल्याला ते किती मोठं आहे! दारू सोडायची इच्छा पुरते. खुल्या मीटिंगला घरचेही बसतात. गल्लीतलं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर लांबची मीटिंग धरा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करण्याआधी सरकारी दवाखान्यात दाखवावं. झटके, भ्रम जिवावर बेतू शकतात.