ढाळ आतल्या बाजूला

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे ज्या गॅस बॉयलरच्या बळावर हिवाळा काढतात, तो स्वयंपाकघरातील एखाद्या भिंतीवरच्या कपाटाएवढा असतो. नैसर्गिक वायू जाळून तो पाणी तापवतो, ते पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरते आणि ज्वलनातून उरलेले वायू एका नळीवाटे घराबाहेर जातात. ही नळी म्हणजे फ्लू, अर्थात धूरनळी. नावात धूर असला, तरी तिच्यातून डोळ्यांना झोंबणारे काही जात नाही, आणि धोका त्यातच आहे. ज्वलन अपुरे राहिल्यास तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटून बसतो. बंद बाथरूममधील गॅस गीझरने घेतलेल्या बळींच्या बातम्या महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाहीत. तेथे गीझर ज्या हवेवर जळतो, त्याच हवेत माणूस श्वास घेत असतो. आधुनिक ब्रिटिश बॉयलरची धूरनळी दुहेरी असल्यामुळे हा संबंधच तोडलेला असतो: साधारणतः ६० मिलिमीटर व्यासाची नळी १०० मिलिमीटरच्या नळीत बसवलेली असते, आतल्या नळीतून जळके वायू बाहेर पडतात आणि दोन नळ्यांमधील पोकळीतून बाहेरची ताजी हवा आत येते.

ही नळी बसवण्याचे काम वाटेल त्याला करता येत नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार कारागीर नोंदणीकृत असावा लागतो आणि ही नोंदणी २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे असते. नळीचे बाहेरचे तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून आणि जमिनीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर असावे लागते. अंतरांची यादी याहून पुष्कळ लांब आहे, परंतु टेप हाती असणाऱ्याला ती अवघड नाही.

खरे कौशल्य ढाळात आहे. भिंतीतून जाणाऱ्या नळीचा ढाळ बाहेरच्या बाजूला द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही, असे कोणताही गवंडी सांगेल. येथे मात्र तो बॉयलरकडे, सुमारे ३ अंशांचा, म्हणजे मीटरला जवळपास ५२ मिलिमीटर द्यावा लागतो. याचे कारण ज्वलनातच आहे: नैसर्गिक वायूतील एक घनमीटर मिथेन जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते, आणि जळके वायू साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाले की ही वाफ पुन्हा पाणी होऊन आपली उष्णता परत देते. ही उष्णता वाया न घालवणाऱ्या यंत्राला ‘कंडेन्सिंग बॉयलर’ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवीन बॉयलर बहुधा याच प्रकारचा बसवावा लागतो. नळीत साचणारे हे आम्लधर्मी पाणी बाहेर ओघळले, तर थंडीत तोंडाशी बर्फ धरते. नळी मध्येच झोळ खाऊन लोंबली, तर तेथे डबके साचून वायूंची वाट अडते. म्हणून ढाळामुळे हे पाणी बॉयलरमध्येच परतते आणि सायफनमधून प्लास्टिकच्या नळीवाटे सांडपाण्यात जाते. १०० मिलिमीटरच्या नळीसाठी १२७ मिलिमीटरचे भोक पाडतात, ते ढाळाला जागा मिळावी म्हणूनही. नळीवर लेव्हल ठेवली आणि बुडबुडा नेमका मध्यावर येऊन थांबला, तर काम चुकले असे समजावे.

नळी कापताना काप गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात असावा लागतो, आणि कापलेल्या कडेवरची बारीक कुसळे कानशीने घासून टाकावी लागतात, कारण सांध्यातील रबरी सील त्या कुसळांनी कातरले जाते किंवा नळी आत सारताना मुडपते. कंपनीने सांगितलेले वंगण बोटाने सीलवर फिरवून, नळी किंचित पिळत आत बसवणारा हात आणि कोरडी नळी ठोकून बसवणारा हात, यांतील फरक सांधा जुळल्यावर डोळ्यांना दिसत नाही.

तो यंत्राला दिसतो. वायू-विश्लेषकाची सळई प्रथम हवेच्या पोकळीत घालतात: तेथे प्राणवायू २०.६ टक्क्यांहून कमी किंवा कार्बन डायऑक्साइड ०.२ टक्क्यांहून अधिक आढळला, तर आतली नळी कोठेतरी गळत आहे, असा अर्थ होतो. बाहेरची नळी अशा प्रकारे आतल्या नळीची साक्षीदार ठरते, आणि प्रस्तुत रचनेतील सर्वांत हुशारीची गोष्ट हीच म्हणावी लागेल. त्यानंतर जळक्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडशी प्रमाण मोजतात, ते ०.००४ च्या आत असावे लागते.

परंतु हे मापन त्या दिवसापुरते असते. आधार सुटून सांधा पुढे निखळला, तर तो पाहता आला पाहिजे. बहुमजली इमारतींत बॉयलर अनेकदा बाहेरच्या भिंतीपासून दूर असतो, म्हणून लांब धूरनळी छताच्या पोकळीतून नेतात आणि खालून प्लास्टरबोर्ड मारून ती झाकून टाकतात. दिसायला हे नीटनेटके असले, तरी सुरक्षेच्या दृष्टीने ते वाईट काम आहे. अशा छताला प्रत्येक सांध्यापासून दीड मीटरच्या आत, किमान ३०० मिलिमीटर लांबी-रुंदीचा तपासणीचा झरोका असावा लागतो. तो नसेल, तर १ जानेवारी २०१३ पासून नोंदणीकृत कारागिराने घरमालकाची परवानगी घेऊन बॉयलर बंद करावा, असा दंडक आहे.