बुरशीचे पाठभेद

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बुरशीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मला आपल्या पाठचिकित्सेचा सख्खा भाऊ वाटतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना असंख्य पोथ्या ताडून पाहिल्या. लेखनिकाच्या हातून झालेली चूक पुढच्या नकलेत उतरते. तीच चूक दोन पोथ्यांत आढळली, की त्या एका घराण्यातल्या असाव्यात असे मानतात. रोगकारक बुरशीचीही वंशावळ अशीच लावता येते. प्रत्येक पेशीत तिचा जनुकसंच, म्हणजे तिची पोथी असते आणि तिची नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते.

कॅन्डिडा ऑरिस या बुरशीची पहिली नोंद २००९ साली जपानमध्ये झाली. नमुना एका रुग्णाच्या कानातला, म्हणून लॅटिन ‘ऑरिस’, म्हणजे कान, हे नाव. तिची पोथी सुमारे सव्वा कोटी अक्षरांची. कित्येक औषधांना ती दाद देत नाही, आणि वस्तूंना चिकटून दीर्घकाळ तग धरते.

२०१५ ते २०१७ या काळात ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात ही बुरशी ७० रुग्णांत सापडली. त्यांपैकी ६६ जण आधी मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात राहिलेले होते. सातजणांच्या बाबतीत ती त्वचेवर न थांबता शरीरात खोल शिरली. विभागाच्या एकंदर परिसरात मात्र ती क्वचितच आढळे. मग ती येत होती कुठून?

रुग्णांची टिपणे तपासता संशय काखेत लावण्याच्या, पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकांवर गेला. ताप मोजणारे साधनच रोग वाहून नेते, ही कल्पना कोणा कथालेखकालाही सहज सुचली नसती! रुग्णांतील बुरशीचे जनुकसंच वाचले, तेव्हा सारे एकाच कुळातले निघाले, दक्षिण आफ्रिकेत आढळणाऱ्या घराण्याचे. उपकरणांवरची बुरशीही त्यांचीच आप्त ठरली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोथ्या नाते सांगतात. कोणी कोणाला दिले हे त्या नेहमीच सांगत नाहीत. त्यासाठी कोण कोणत्या खाटेवर होते, कोणाला काय लावले होते, ही रुक्ष टिपणेच लागतात. संसर्ग रोखण्याचे इतर उपाय तेथे आधीपासून चालू होतेच. पण नवे रुग्ण कमी झाले, ते तापमापक बाजूला काढल्यावर.