हंड्याच्या तळाचा पांढरा थर

चाळीसगाव परिसरात विहिरीचे पाणी रोज तापवले की हंड्याच्या तळाशी हळूहळू पांढरा, टणक थर बसतो. थंड पाण्यात न दिसणारा हा क्षार येतो कुठून?

त्याचे मूळ जमिनीत आहे. मुळे आणि सूक्ष्मजीव मातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात. मुरणाऱ्या पावसाच्या पाण्यात तो विरघळतो. असे किंचित आंबट पाणी बेसाल्ट खडकातले कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विहिरीपर्यंत आणते.

पाण्यात दोन क्रिया एकाच वेळी चालू शकतात : बायकार्बोनेटपासून चुनखडी, म्हणजे हंड्यातला पांढरा थर, बनते व कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि चुनखडी पुन्हा विरघळते. एसटीत जितके प्रवासी चढतात तितकेच उतरले, तर गर्दी तेवढीच राहते. दोन्ही क्रियांचे वेग असे सारखे झाले की रासायनिक समतोल साधतो.

समतोल कुठे साधेल, हे मुक्त ऊर्जेवरून ठरते. ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात मांडली. पदार्थातली ऊर्जा आणि कणांची विखुरण्याची ओढ, या दोन्हींचा तो एकत्रित हिशेब आहे. उतारावरचे पाणी खोलगट जागी थांबते, तशी क्रिया मुक्त ऊर्जा सर्वांत कमी होते तिथे स्थिरावते.

तापमान वाढले की विखुरण्याच्या ओढीचे वजन वाढते. सुटलेला कार्बन डायऑक्साइड वायू पाण्याबाहेर निसटतो, परत येत नाही. म्हणून क्रिया चुनखडीकडे सरकत राहते. लिंबाचा रस लावला की आम्लामुळे तोच थर फसफसून विरघळतो. काळ्या मातीतले चुनखडीचे खडेही थर बसण्याच्या याच क्रियेने बनतात.